डेसिबल मोजणाऱ्यांनो, अर्थिंग कोण बघणार?

गणपती तोंडावर आलेत. शांतता समितीच्या बैठका सुरू झाल्यात. तहसीलच्या सभागृहात, पोलीस ठाण्याच्या आवारात, चहा-बिस्किटांसह. विषय दरवर्षीचे दोनच : आवाज किती आणि किती वाजेपर्यंत. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री १० ते सकाळी ६ बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकारच्या परवानगीने १२ पर्यंत सूट. २००० सालच्या नियमांतले हे आकडे आता मंडळाच्या शेंबड्या पोरालाही पाठ आहेत, आणि ते बरंच झालं. आवाजाच्या विरोधात मी भरपूर लिहिलंय, त्यावरून शिव्याही भरपूर खाल्ल्यात.

आजची पोस्ट आवाजाबद्दल नाही. तो आवाज ज्या वायरीवर चालतो त्या वायरीबद्दल आहे. लांबलचक आहे, पण मंडळाचे अध्यक्ष, साउंडवाले, भजनी मंडळातले, शाळेच्या गॅदरिंगची जबाबदारी गळ्यात पडलेले गुरुजी, यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

"विजेचा धक्का लागून तरुणाचा मृत्यू. पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद." ही बातमी तुम्ही सगळ्यांनी वाचलेली आहे. एक कॉलम, सात-आठ ओळी, आतल्या पानावर. तिच्यातलं क्रियापद बघा. आपल्याकडे शॉक 'लागतो'. ऊन लागतं, नजर लागते, ठेच लागते, तसाच शॉक लागतो. लावणारा कुणी नसतो. वायर कुणी ओढली, पिन कुणी कापली, बोर्ड कुणी बनवला, पैसे कुणी वाचवले, यातलं काही त्या सात ओळींत मावत नाही.

गेल्या वर्षी भाद्रपदात आमच्याच तालुक्यातल्या एका गावात एकोणीस वर्षांचं पोरगं असं गेलं. नाव लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. साउंड सर्व्हिसवर हेल्पर होता. ५०० रुपये रोज आणि जेवण. संध्याकाळी एक जोराची सर येऊन गेलेली. आरतीला अर्धा तास होता. बॉक्सवर पाणी ठिबकत होतं म्हणून तो बॉक्स आत सरकवायला गेला. एक हात बॉक्सच्या मागच्या अ‍ॅम्पच्या पत्र्यावर, तोल सांभाळायला दुसरा हात मंडपाच्या लोखंडी पाइपावर. पायात चप्पल नाही, कारण मंडपात चप्पल कशी घालणार. एका हातातून शिरलेला करंट छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडला.

पुढचं जास्त वाईट आहे. लाइट घेतलेली होती शेजारच्या घरातून, खिडकीतून वायर टाकून. मंडपात मेन स्विचच नाही. घराला कुलूप, घरचे सगळे आरतीला देवळाकडे. कुणीतरी बांबूने वायर ओढून काढेपर्यंत किती वेळ गेला ते प्रत्येकजण वेगळं सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथं गेलो. बोर्ड तसाच पडलेला होता. लाकडी फळी, तीन सॉकेट, दोन तारांची वायर. तिसरी, म्हणजे अर्थची तार, मुळातच नाही. एका सॉकेटमध्ये पिन नव्हतीच, उघड्या तारा आत घालून काडेपेटीच्या काड्या खोचलेल्या. बॉक्सची वायर लोखंडी स्टँडच्या पायाखाली चेपून सोललेली. ज्याला वायरिंगमधलं ओ की ठो कळत नाही त्यालाही कळावं असं सगळं समोर होतं. गर्दीतलं एक वाक्य मात्र माझ्या डोक्यातून अजून जात नाही. त्याच्याच बरोबरचा एक पोरगा म्हणाला, "दुपारपास्नंच झिणझिणत होतं की."

या झिणझिणण्याबद्दलच मला लिहायचंय.

हल्लीचे बॉक्स अ‍ॅक्टिव्ह असतात, अ‍ॅम्प आतच बसवलेला. मिक्सर, लॅपटॉपचा चार्जर, बॉक्स, सगळ्यांत त्याच प्रकारचा पॉवर सप्लाय असतो. त्यात गडबड-खरखर गाळायला बारीक कपॅसिटर बसवलेले असतात, आणि त्यांच्यातून अगदी किरकोळ करंट उपकरणाच्या धातूच्या अंगावर येत असतो. अर्थिंग असलं तर तो गुपचूप जमिनीत जातो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. अर्थिंग नसलं तर तो तिथंच थांबतो आणि तुम्ही हात लावला की झिणझिणतं. टेस्टर लावला तर दिवाही लागतो. या झिणझिण्यांनी सहसा माणूस मरत नाही. म्हणून तर सवय होते. "अहो, एवढं चालतंच" असं होतं.

पण झिणझिण म्हणजे मशीनने दिलेला निरोप आहे : मला अर्थ नाही. आज कपॅसिटरचा किरकोळ करंट आहे, उद्या वायर चेपली आणि फेज थेट पत्र्याला टेकला तर अडवायला काहीच नाही. हाताला दोन्हींतला फरक आधी कळत नाही. कळतो तेव्हा हात सुटत नसतो.

आमच्या गावात तीस वर्षं साउंड सर्व्हिस चालवणारे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. कर्ण्याच्या जमान्यापासून या धंद्यात. त्या घटनेनंतर मी त्यांच्या गोडाऊनवर जाऊन बसायला लागलो. पहिल्याच दिवशी त्यांनी एक खोकं पुढ्यात ओतलं. थ्री-पिन टॉप. प्रत्येकाची वरची जाड पिन करवतीने कापलेली.

"पत्रकार, हे बघा. मोजू नका. सगळ्या मीच कापल्यात."

"का पण?"

"हम येतो म्हणून. कार्यक्रमाला दहा मिनिटं आहेत, पाहुणे बसल्यात, आणि माइकमधनं घूंऽऽ चालू. अध्यक्ष अंगावर येतो. अर्थ तोडला की गप बसतंय. मग परत कोण जोडतंय?"

ही गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते. मिक्सरची लाइट एका ठिकाणाहून, स्टेजवरच्या अ‍ॅम्पची दुसरीकडून घेतली की दोन्ही ठिकाणच्या अर्थमध्ये थोडा फरक असतो. तो फरक माइकच्या, सिग्नलच्या वायरीतून फिरायला लागतो आणि स्पीकरमधून पन्नास हर्ट्झची घूंऽऽ ऐकू येते. पिन कापली की चक्कर तुटते, आवाज थांबतो. पण त्याच पिनेवर गाणाऱ्याचा जीव टांगलेला असतो. कारण माइकची धातूची दांडी वायरीच्या जाळीतून मिक्सरच्या पत्र्याला जोडलेली, आणि मिक्सरचा पत्रा त्या कापलेल्या पिनेतून जमिनीला जोडलेला असायला हवा होता.

उपाय अवघड नाही, आण्णांनीच सांगितला. साउंडचं सगळं सामान एकाच बोर्डावरून, एकाच फेजवर चालवायचं. लाइटिंग, फवारे, कूलर वेगळ्या फेजवर. तरी हम आला तर तोड सिग्नलच्या वायरीत घालायची, मेनच्या नाही. त्यासाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा डीआय बॉक्स मिळतो, साधा हजार-दीड हजारात येतो. करवतीपेक्षा महाग आहे, एवढंच.

हे दुखणं फक्त आपल्या मंडपांचं आहे असंही नाही. १९७२ साली ब्रिटनमध्ये स्वान्सी शहरात लेस हार्वी नावाचा गिटारवाला भर कार्यक्रमात माइकला हात लावून गेला होता. तोही अर्थिंगचाच घोळ होता. म्हणजे ५० वर्षांपूर्वी जगाला कळलेली गोष्ट आहे ही. आपले कीर्तनकार, वारकरी, भजनी मंडळी तर अनवाणी उभी असतात, पावसाळ्यात सप्ताहाच्या मंडपात खालची सतरंजीही ओली असते. कॉर्डलेस माइक आल्यापासून बुवांचा धोका कमी झालाय. पण पेटीवाल्याच्या पुढचा माइक अजून वायरीचाच असतो. आणि बॉक्स उचलणारा पोरगा तर सगळ्यात शेवटी.

थोडं गणित करू. आपली वीज २३० व्होल्ट. भिजलेल्या माणसाच्या शरीराचा विरोध ढोबळमानाने १००० ओहम धरा. भागाकार केला की २३० मिलिअँपिअर. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आवळतात, धरलेली वस्तू सोडता येत नाही. ५०-१०० मिलिअँपिअर छातीतून सेकंदभर गेला तर हृदयाचा ताल बिघडून ते नुसतं थरथरत राहू शकतं. आता मंडपातल्या बोर्डावरचा एमसीबी बघा. १६ अँपिअर, म्हणजे १६००० मिलिअँपिअर. माणूस गेला तरी एमसीबीला पत्ता लागत नाही. त्याची चूक नाही, तो वायर जळू नये म्हणून बनवलाय. माणसासाठी दुसरी वस्तू असते.

तिचं नाव आरसीसीबी. जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ती सतत ताडून बघते. यात फरक पडला, म्हणजे काही करंट भलतीकडून, कदाचित कुणाच्या अंगातून, जमिनीत चाललाय. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला एवढा फरक पुरतो, सेकंदाच्या छोट्याशा हिश्श्यात लाइन तोडते. घेताना ३० मिलिअँपिअर लिहिलेलीच घ्या. १०० आणि ३०० वाल्या असतात, त्या आगीपासून वाचवायला. किंमत बऱ्या कंपनीची दीड ते अडीच हजार. एका मंडळाचा एका दिवसाचा गुलालाचा खर्च याहून जास्त असतो, मी पावत्या बघितल्यात.

इथं दोन गैरसमज काढतो, कारण ते मी भल्या भल्या लोकांच्या तोंडून ऐकलेत.

पहिला : "आम्ही सळई ठोकलीय जमिनीत, आरसीसीबीची गरज नाही." समजा ती सळई कोरड्या मुरमात आहे आणि तिचा विरोध १०० ओहम आहे. फेज पत्र्याला लागला तर जमिनीत जाणारा करंट २.३ अँपिअर. १६ चा एमसीबी ढिम्म हलणार नाही, पत्रा जिवंतच राहणार. आरसीसीबीला मात्र २.३ अँपिअर म्हणजे डोंगर, ती त्याच क्षणी पडेल, कुणी हात लावायच्या आधीच. म्हणून दोन्ही पाहिजेत. सळई ओल्या जागी ठोका, पाणी ओतत राहा, आणि तिच्यापासून बॉक्सच्या पत्र्यापर्यंतची हिरवी तार कुठंही तुटलेली नसू द्या.

दुसरा : "आम्ही टेस्टचं बटण दाबून बघतो, पडतंय." दाबाच, प्रत्येक कार्यक्रमाआधी दाबा. पण ते बटण फक्त आतली यंत्रणा हलते का एवढंच सांगतं. अर्थिंग आहे की नाही हे सांगत नाही. अर्थिंग अजिबात नसलं तरी बटणाने आरसीसीबी पडते.

हे जनरेटरच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे. छोट्या पेट्रोल जनरेटरमध्ये बहुतेक वेळा न्यूट्रल कशालाच बांधलेला नसतो, अधांतरी असतो. अशा जनरेटरवर आरसीसीबी लावली, बटण दाबलं, पडली, सगळे खूश. पण फेज पत्र्याला लागला तर करंटला परत जनरेटरकडे जायला वाटच नसते, त्यामुळे ती पडत नाही. हा पहिला बिघाड तसाच लपून राहतो. दुसरा बिघाड दुसऱ्या तारेवर झाला की माणूस मध्ये सापडतो. म्हणून जनरेटर भाड्याने घेताना एकच प्रश्न विचारा : न्यूट्रल जनरेटरच्या बॉडीला आणि अर्थच्या सळईला बांधलाय का, आणि आरसीसीबी त्याच्या पुढे आहे का? उत्तर देता आलं नाही तर परवानाधारक वायरमनला बोलवा. स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका. आणि जनरेटर मंडपाच्या आत किंवा बंद शेडमध्ये कधीच नको. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वासही नसतो.

मोठ्या थ्री-फेज जनरेटरची वेगळीच तऱ्हा. आण्णांचे चार अ‍ॅम्प एका रात्रीत जळाले होते, त्याची कथा ते अजून सांगतात. जत्रेत न्यूट्रलचा लग सैल होता, ट्रॅक्टरच्या धक्क्याने सुटला. न्यूट्रल उडाला की तिन्ही फेजवरचा लोड आपापसात व्होल्टेज वाटून घेतो. ज्या फेजवर लोड कमी, तिथं २३० च्या जागी साडेतीनशेच्या पुढं चढू शकतं. त्या फेजवर नेमका साउंड होता. "पयल्यांदा आवाज वाढला," आण्णा म्हणाले, "मला वाटलं पोरानं फेडर वर नेला. मग वास आला." तेव्हापासून ते न्यूट्रलचा लग स्वतः पान्याने आवळतात, आणि बोर्डावर जास्त व्होल्टेजला तोडणारा रिले लावतात.

ज्यांना हे सगळं झेपणार नाही त्यांच्यासाठी एक सोपी वाट आहे, ती म्हणजे बॅटरीवरचा ट्रॉली स्पीकर. ग्रामसभा, बचत गटाचा मेळावा, शाळेतलं झेंडावंदन, अंत्यविधीची शोकसभा, शे-दीडशे माणसांना तो पुरतो. १२ व्होल्टच्या बॅटरीने शॉक लागून माणूस मरत नाही. फक्त एक अट : कार्यक्रम चालू असताना चार्जर काढलेला हवा. चार्जर भिंतीत आणि माइक हातात असेल तर तुम्ही परत २३० व्होल्टशी बांधले गेलात, आणि त्या स्वस्तातल्या चार्जरवर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

लोक म्हणतात, बॅटरी टिकत नाही. टिकत नाही कारण आपण ती मारतो. या स्पीकरमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद शिसे-आम्लाची बॅटरी असते. गुणाकार ८४ वॅट-अवर. त्यातली निम्मी वापरायची, म्हणजे सरासरी २० वॅटवर दोन तास. त्यापुढे आवाज फाटायला लागला तरी आपण भाषण रेटतो. १०.५ व्होल्टच्या खाली नेऊन मग १५ ऑगस्टला वापरलेला स्पीकर थेट २६ जानेवारीला काढतो. रिकामी ठेवलेली बॅटरी आतून पांढरी पडून मरते. कार्यक्रम झाला की त्याच दिवशी चार्ज करा, वापर नसला तरी दोन-तीन महिन्यांनी एकदा करा. लिथियमवाला असेल तर फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका, रात्रभर पडद्याशेजारी लावून झोपू नका, आणि गल्लीतल्या दुकानातून "डबल बॅकअप" म्हणून जोडून दिलेला पॅक घेताना त्यात संरक्षणाचं सर्किट आहे का ते विचारा.

गाडीच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून मोठा साउंड चालवणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं : १००० वॅट १२ व्होल्टवर घ्यायचे तर नुकसान धरून जवळजवळ १०० अँपिअर करंट लागतो. इथं भीती शॉकची नाही, आगीची आहे. बोटभर जाड केबल आणि बॅटरीच्या टर्मिनलला लागूनच फ्यूज नसेल तर तो खेळ करू नका.

गोडाऊनमधल्या कामाबद्दल कुणी बोलत नाही, कारण त्यात गुलाल नाही. सीझन संपला की आण्णा आठ दिवस बसून सगळे बोर्ड खोलतात. सॉकेटचे स्क्रू आवळतात. काळे पडलेले सॉकेट फेकतात. केबल पूर्ण उलगडून हातातून फिरवतात, कारण गोडाऊनमध्ये उंदीर असतातच आणि उंदराला वायरीचं काय आकर्षण आहे देव जाणे. टेपने जोडलेली वायर ठेवत नाहीत, कापून दोन करतात. पावसात टेपचा डिंक सुटतो. मग मल्टिमीटर घेऊन प्रत्येक पिनेच्या अर्थपासून बॉक्सच्या पत्र्यापर्यंत सलग आहे का बघतात. सलग असली की त्या टॉपवर हिरव्या ऑइलपेंटचा ठिपका. त्यांच्या पोरांना सांगून ठेवलंय, ठिपका नसलेली पिन लावायची नाही. शाळा सातवीपर्यंत झालेल्या माणसाने केलेली ही व्यवस्था एखाद्या कारखान्यात शोभेल अशी आहे.

कार्यक्रमाच्या वेळी अजून एक बघा. केबल ड्रमला गुंडाळलेली ठेवून त्यावर मोठा लोड टाकू नका, आतून तापून वितळते. बोर्ड सतरंजीखाली लपवू नका, विटेवर किंवा स्टुलावर ठेवा. वायर मंडपाच्या लोखंडी पाइपाला तारेने बांधू नका, एक ठिकाणी सोलली की अख्खा मंडप जिवंत होतो.

मिरवणुकीचं मात्र वेगळं आहे. तिथं आरसीसीबी, अर्थिंग, काहीही कामाला येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बिहारमधल्या हाजीपूरजवळ कावडयात्रेची डीजेची गाडी वरच्या ११ हजार व्होल्टच्या लाइनला लागली आणि किमान आठ जण जागेवर गेले. रस्ता ओलांडणारी ११ केव्ही लाइन जमिनीपासून निदान ६.१ मीटर, म्हणजे २० फुटांवर असावी असा नियम आहे. आता हिशोब करा. ट्रॉलीचा तळ चार फूट, त्यावर बॉक्सची भिंत दहा फूट, त्यावर लाइटची कमान, आणि त्यावर झेंडा घेऊन चढलेला एक उत्साही. आणि लाइनला झोळ पडलेला. मिरवणुकीच्या मार्गावर आदल्या दिवशी चालत जाऊन वर बघायचं आणि जिथं शंका असेल तिथं वीज कंपनीच्या लाइनमनला उभं करायचं, याला पर्याय नाही.

आता सरकारकडे येतो. मला वाटत होतं या सगळ्याला कायदाच नसेल. आहे. वीज कायदा २००३, कलम ५४. रस्त्यावर किंवा जिथं एरवी शंभर किंवा जास्त माणसं जमतात अशा जागी २५० वॅट आणि १०० व्होल्टच्या वर वीज वापरायची तर सात दिवस आधी विद्युत निरीक्षकाला आणि जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांना लेखी कळवायचं असतं. २५० वॅट! आपल्या मंडळाची नुसती एलईडीची माळ तेवढी खाते. गेल्या महिनाभरात मी अकरा मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना विचारलं. दहा जणांनी विद्युत निरीक्षक हे पदच पहिल्यांदा ऐकलं. अकरावे स्वतः वायरमन आहेत.

परवानगीच्या अर्जात काय काय असतं बघा. मूर्तीची उंची, मंडपाचा आकार, स्वयंसेवकांची नावं, आवाजाबद्दलचं हमीपत्र. विजेसाठी एक ओळ, "अधिकृत जोडणी घेतली आहे काय". महावितरण उत्सवासाठी सवलतीच्या दरात तात्पुरती जोडणी देतं, दरवर्षी आवाहनही करतं. ती घ्याच. आकडा टाकणं किंवा शेजारच्या खिडकीतून वायर ओढणं बंद झालं तर निम्मा प्रश्न संपेल. पण मीटरपर्यंतची वीज अधिकृत झाली म्हणून पुढचा काड्या खोचलेला बोर्ड सुरक्षित होत नाही. तो बघायला कुणीच येत नाही. पोलीस येतो तो डेसिबलचं यंत्र घेऊन. त्याच फेरीत मंडपातली आरसीसीबी दाखवा म्हणायला किती वेळ लागतो?

त्या पोराच्या प्रकरणाचं पुढं काय झालं, असं तुम्ही विचाराल. आकस्मिक मृत्यू. साउंड सर्व्हिसचा मालक म्हणतो, लाइट मंडळाने दिली होती. मंडळ म्हणतं, सामान सर्व्हिसवाल्याचं होतं. दोघांनी मिळून काही रक्कम घरी नेऊन दिली, किती ते वडिलांनी सांगितलं नाही आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. हजेरीचं पुस्तक नाही, विमा नाही. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघाती विमा देणारी केंद्राची सुरक्षा विमा योजना आहे, १८ ते ७० वयाच्या कुणालाही बँकेत मिळते. हेल्परच्या एका दिवसाच्या रोजात पंचवीस वर्षांचा हप्ता बसतो. साउंडवाल्यांनो, पोरं कामावर घेताना निदान एवढं तरी करा.

मी आणि आण्णांनी मिळून तहसीलदारांना आणि पोलीस निरीक्षकांना एक अर्ज दिलाय. तीनच मागण्या. मंडळाच्या परवानगीच्या फॉर्ममध्ये ३० मिलिअँपिअर आरसीसीबी, अर्थिंग आणि हाताच्या अंतरावर मेन स्विच, याचा परवानाधारक वायरमनच्या सहीचा दाखला लावावा. शांतता समितीच्या बैठकीला विद्युत निरीक्षक कार्यालयाचा एक माणूस बोलवावा. आणि मिरवणुकीच्या मार्गाची लाइनमनसोबत आधी पाहणी व्हावी. बैठकीत अर्ज वाचून झाल्यावर एक नेते म्हणाले, "आता देवाच्या कामाला पण कागद लागणार का?" टाळ्याही पडल्या. साहेबांनी अर्ज ठेवून घेतलाय, बघू म्हणालेत. मी दर दोन दिवसांनी विचारायला जातोय.

दरम्यान आण्णांनी यंदाच्या कोटेशनमध्ये एक ओळ वाढवली : "आरसीसीबी बोर्ड व अर्थिंग, १५०० रुपये." चौदा मंडळांना कोटेशन दिलं. पाच जणांनी ती ओळ खोडून बाकीची सुपारी मान्य केली. त्यातल्या तिघांना आण्णांनी पदरचे पैसे घालून बोर्ड द्यायचं ठरवलंय. दोघांना नाही म्हणून सांगितलं. त्या दोन सुपाऱ्या दुसऱ्याकडे गेल्या, पाच हजार कमी घेऊन. कुणाकडे गेल्या हे आम्हाला दोघांनाही माहीत आहे, आणि त्याच्याकडे कसले बोर्ड आहेत हेही. त्यालाही जाऊन भेटलोय. "बघतो" म्हणालाय.

आणि हे लिहून ठेवतो, वेळेला सुचत नाही म्हणून : कुणाला शॉक लागलेला दिसला तर त्याला धरू नका. आधी मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या वस्तूने वायर बाजूला करा. वरची हाय टेन्शन लाइन असेल तर जवळही जाऊ नका, पहिला फोन वीज कंपनीला. माणूस सुटल्यावर श्वास चालत नसेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. पाणी पाजणं, वाळूत पुरणं, कांदा हुंगवणं यात वेळ घालवू नका.

येत्या रविवारी सकाळी ९ ते १ आण्णा त्यांच्या गोडाऊनवर बसणार आहेत. मंडळांनी, भजनी मंडळांनी, शाळांनी आपापले एक्स्टेन्शन बोर्ड आणि केबल घेऊन यावं. तपासायचे पैसे नाहीत. बिघडलेलं काय ते दाखवतील, दुरुस्ती तुमच्या वायरमनकडून करून घ्या. मल्टिमीटर आणि हिरवा ऑइलपेंट त्यांचा, चहा माझ्याकडून.